मंगळवारच्या आधीचा रविवार

ऑपरेशन मंगळवारी होतं, म्हणून कस्तुरी रविवारीच साउथहॅम्प्टनहून निघाली आणि निघताना वहिनीला फोन करून म्हणाली, "माझ्यासाठी काही खास करू नकोस हं." नणंद असं म्हणाली की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे कुठल्याही सुनेला शिकवावं लागत नाही. देवयानी सकाळपासून बिरड्याचे वाल सोलत बसली होती. शिवाय कोलंबी साफ करायची होती, आणि मधूनमधून फ्रंटरूममधून हाक आली की हात धुऊन धावायचं होतं.

फ्रंटरूममधला सोफा कधीचाच गराजमध्ये गेला होता. त्याच्या जागी आता सासूबाईंचा, रेखाताईंचा पलंग होता आणि पलंगाशेजारी कौन्सिलने दिलेली कमोडची खुर्ची. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून तिच्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकलेला. आठ वर्षांपूर्वी बदललेल्या गुडघ्याने इतकी वर्षं कसली म्हणून तक्रार केली नव्हती. त्या गुडघ्यावर रेखाताई वेल्सच्या टेकड्या चढल्या, मंडळाच्या भोंडल्यात पोरींच्या बरोबरीने फेर धरून नाचल्या. मग गेल्या दिवाळीत तो तापला, सुजला, थोडा बरा झाला, पुन्हा सुजला. असं करत करत बाईंचं वरच्या मजल्यावर जाणंच संपलं.

"आमच्या हिची गाडी मंगळवारी एमओटीला चाललीय," जयंतराव बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होते. एमओटी म्हणजे इथली गाड्यांची वार्षिक तपासणी, आणि हा उभा जन्म बर्मिंगहॅममध्ये गाड्यांच्या कारखान्यात काढलेला माणूस. सकाळपासून हा विनोद त्यांनी जो भेटेल त्याला ऐकवला होता. विनोद केला नाही तर ते रडतील, हे देवयानीला माहीत होतं, म्हणून एरवी ती हसायची. आज तिला हसू येत नव्हतं.

त्याचं कारण गुरुवारचं क्लिनिक. सासूला घेऊन तीच गेली होती. मिस्टर ॲशवर्थ हा सर्जन भला माणूस. इथे सर्जनला डॉक्टर म्हटलं तर तो मनात हसतो, मिस्टरच म्हणायचं. त्याने नीट समजावून सांगितलं, की गुडघ्यात सुई घालून काढलेल्या पाण्यात जंतू सापडलेले नाहीत. म्हणजे आतला सांधा हाडापासून नुसता सैल झालेला दिसतो. तसं असेल तर फारसं घाबरायचं कारण नाही, एकाच ऑपरेशनमध्ये जुना काढू आणि नवा बसवू. मग त्याने हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मिसेस कारखानीस, गेल्या काही आठवड्यांत तुम्ही अँटिबायोटिक घेतलं होतं का? कुठलंही?"

"नो," रेखाताई म्हणाल्या. "ओन्ली पॅरासिटामॉल."

आणि बाथरूमच्या कचऱ्यातून गोळ्यांची रिकामी पाकिटं स्वतःच्या हाताने उचलून टाकणारी देवयानी शेजारी पर्स मांडीवर घेऊन गप्प बसून राहिली. परक्या माणसासमोर सासूला खोटं पाडायचं? तोंडच उघडेना. बरं, घरी येऊन नवऱ्याला सांगावं, तर पहिला प्रश्न येणार, आईला या गोळ्या घ्यायला सांगितल्या कुणी. त्याचं उत्तरही तिला ठाऊक होतं, दिवाळीत सासूने कस्तुरीला केलेला फोन तिने ऐकला होता. सून ते उत्तर देते म्हणजे नणंदेवर शेकवते, हे सगळं जग एका तोंडाने म्हणणार.

तिने वालाची टरफलं गोळा करून फूड वेस्टमध्ये टाकली आणि गॅस पेटवला. तेवढ्यात बेल वाजली.

कस्तुरी कोट न काढताच आईच्या पलंगावर येऊन बसली. "हात बघू. केवढे गार! आणि पाय?"

"पाय राहू दे गं. आत्ता कुठे ऊब आलीय त्याला," म्हणत रेखाताईंनी शाल मांडीवर ओढून घेतली. लेक भूल देणारी डॉक्टर असली तरी हात डॉक्टरचाच. तो गुडघ्याला लागला असता तर आतलं धगधगणं तिला तत्काळ कळलं असतं.

"गुरुवारच्या मुलाखतीची तयारी झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली तेवढी झाली. बघू."

"बघू काय? होणार म्हणजे होणार तू कन्सल्टंट."

कस्तुरी हसली. रेखाताई तिच्याकडे बघत राहिल्या. घटस्फोट झाल्यावर ही मुलगी एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहून रात्रपाळ्या करत या सगळ्यात वरच्या पदासाठी परीक्षा देत होती. मंडळातल्या बायका मान तिरकी करकरून विचारायच्या, "काय म्हणते हो तुमची कस्तुरी?" त्या मान तिरकी करण्याला रेखाताई इतकी वर्षं "बरी आहे" एवढंच उत्तर देत आल्या होत्या. येत्या गुरुवारनंतर त्या काय उत्तर देणार होत्या, ते त्यांनी मनात शंभरदा म्हणून बघितलं होतं.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर त्यात काय एवढं? दिवाळीत गुडघा पहिल्यांदा तापला तेव्हा जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळेना. त्यांनी रडकुंडीला येऊन कस्तुरीला फोन लावला. ती ऑपरेशन थिएटरमधून नुकतीच बाहेर पडलेली, दमलेली. "बाबांच्या डब्यात अँटिबायोटिक असेल ना, पाच दिवस घे," म्हणाली. घेतलं, आणि गुडघा उतरला की! त्यानंतर जेव्हा जेव्हा ठणका वाढला तेव्हा रेखाताईंनी कुणा डॉक्टरला न विचारता त्याच डब्यातलं पाकीट मागून घेतलं. तो डबा म्हणजे शॉर्टब्रेडचा पत्र्याचा डबा. पुण्याहून परतणाऱ्या प्रत्येक बॅगेत मेतकूट, लोणचं आणि ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या असायच्याच. असा डबा इथल्या कुठल्या मराठी घरात नाही? गोळ्यांनी जंतू मेले असतील तर चांगलंच झालं की, असा त्यांचा सरळ हिशोब. पण सर्जनला हो म्हटलं असतं तर त्याने पुढचं विचारलं असतं, कुणाच्या सांगण्यावरून? लेकीचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून नो म्हणाल्या. शेवटची गोळी त्यांनी परवाच घेतली होती.

जेवणाचं टेबल ढकलत ढकलत पलंगापाशी आणलं. रेखाताईंना उशांचा टेकू दिला. अतुल बायकोला मदत म्हणून पाण्याचे ग्लास भरत होता. तो इथेच जन्मलेला. मराठी बोलायचा, पण आपल्या पद्धतीने.

"आई, तू टेन्शन घेऊ नको. एकच ऑपरेशन आहे. वन अँड डन. समरमध्ये तू गार्डनमध्ये चालणार."

"एमओटी पास!" जयंतराव म्हणाले.

"जंतू नाहीत हे सगळ्यात बरं झालं," कस्तुरी कोलंबीभात कालवत म्हणाली. "मला तीच भीती होती. खरं सांगू का, दिवाळीपासून मला वाटत होतं, हे इन्फेक्शन असणार. पण सुई कोरी आली म्हणजे विषयच संपला."

देवयानी बिरडं वाढत होती. तिने भांडं टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, हातातून सुटलंच ते.

"विषय संपला नाहीये, कस्तुरी," ती म्हणाली. "आई अँटिबायोटिक घेत होत्या. सुई घातली तेव्हाही घेत होत्या. मिस्टर ॲशवर्थनी विचारलं, तर नाही म्हणाल्या."

"देवयानी!" रेखाताई ओरडल्या.

कस्तुरीचा घास हातातच राहिला. भूल देताना समोरच्या पडद्यावरची रेघ अचानक खाली जाते तेव्हा तिला जसं व्हायचं, तसं झालं. आवाज काढायचा नाही, हात हलू द्यायचे नाहीत. तिने हळूच विचारलं, "किती वेळा, आई?"

"मी काय मोजत बसले होते? दुखलं की घ्यायची. बरं वाटायचं. तुम्ही सगळे असे काय बघताय माझ्याकडे? गोळ्याच घेतल्या ना, विष नाही घेतलं."

"आई, त्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत गं. ते आतल्या धातूला चिकटून बसतात. गोळी पोटात असताना सुई घातली की पाण्यात काही दिसत नाही, म्हणून सर्जनला वाटतं, आत सगळं स्वच्छ आहे. तो परवा नवा गुडघा त्याच घाणीत बसवेल. मग तोही सडेल."

"सडला तर?" अतुलने विचारलं.

कस्तुरीने आईकडे बघायचं टाळलं. "तर मग कधी कधी पाय मांडीपासून काढावा लागतो."

जयंतरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच परत ठेवला. मग सगळ्या घरांत होतं तेच या घरातही झालं. जी बोलली तिच्यावरच सगळे घसरले.

"तू हा मला का नाही सांगितला?" अतुल बायकोला म्हणाला. "गुरुवारपासून तुला माहीत होता? आणि पुण्याहून त्या टॅब्लेट्स आणतो कोण? तुझा भाऊच ना?"

"माझा भाऊ बाबांनी सांगितलेलं आणतो."

"ही काय जेवताना काढायची गोष्ट आहे?" जयंतराव म्हणाले. "घरातलं घरात, शांतपणे..."

"थांबा," कस्तुरी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "वहिनीला बोलू नका. गोळ्या मी घ्यायला सांगितल्या होत्या. दिवाळीत. फोनवर, गुडघा न बघता."

"तू गप्प बस!" रेखाताई म्हणाल्या. "तू एकदा सांगितलंस. पुढच्या सगळ्या माझ्या मी घेतल्या. तुझा काही संबंध नाही."

"आहे. डॉक्टर आहे मी. घरच्यांना असं औषध सांगायचं नसतं हे मला कळत नव्हतं का? आई, आत्ता हॉस्पिटलला फोन करावा लागेल. ऑपरेशन पुढे जाईल. गोळ्या बंद ठेवून काही आठवडे थांबायचं, पुन्हा सुई, आणि मग बहुतेक दोन ऑपरेशनं. आधी हा सांधा काढायचा, मधले काही महिने औषध मिसळलेल्या सिमेंटचा गोळा घालून ठेवायचा, शिरेतून औषध द्यायचं, आणि मग नवा बसवायचा."

"आणि ते विचारतील, कुणी सांगितलं?"

"विचारतील."

"आणि गुरुवारी तुझी मुलाखत."

कस्तुरीने ताट बाजूला सारलं.

"मग नाही करायचा फोन," रेखाताई म्हणाल्या. "गुरुवार होऊन जाऊ दे, मग काय सांगायचं ते सांगा. माझा पाय आहे, त्याचं काय करायचं ते मी बघेन. आणि कस्तुरी, तू डॉक्टर ना? मग पेशंटने नको म्हटल्यावर तुला कुठे बोलता येतं का? मी पेशंट आहे. मी नको म्हणते."

"अगं, पाय जाईल तुझा!"

"जाऊ दे गेला तर! सत्तरी उलटली माझी. कुठे धावायला जायचंय मला? तुझं अजून सगळं आयुष्य..."

"आई, पुरे."

हे देवयानी म्हणाली. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने सासूचं वाक्य मधे तोडलं नव्हतं. आता ती उभी होती आणि हाताला बिरड्याचा रस लागलेला होता.

"माझा पाय, माझा पाय काय लावलंय? रोज सकाळी तुम्हाला उठवतं कोण? आंघोळ कोण घालतं? त्या खुर्चीखालचं भांडं कोण धुतं? मी कधी एका शब्दाने बोलले? पण पाय कापला तर उद्या तुम्हाला उचलायचं कुणी? कस्तुरी साउथहॅम्प्टनला, अतुल मीटिंगमध्ये. राहिले कोण? मी! मग तो पाय नुसता तुमचा नाही, थोडा माझाही आहे."

"देवयानी, इझी," अतुल म्हणाला.

"नाही. मला राग आलाय. गुरुवारपासून आलाय. आई, तुम्ही माझ्यासमोर खोटं बोललात, कारण तुम्हाला खात्री होती, ही काही तोंड उघडायची नाही. खरं सांगा, म्हणूनच मला नेलं होतंत ना?"

रेखाताईंनी तिच्याकडे बघितलं. ते खरं होतं. अतुल सुट्टी घेऊन यायला तयार होता, त्याला त्यांनीच नको म्हटलं होतं. अतुल बडबडला असता, देवयानी बोलणार नाही. तिचं न बोलणं त्यांनी इतकी वर्षं घरातल्या मीठ-तेलासारखं गृहीत धरलं होतं. आज ते संपलं होतं आणि समोर एक दमलेली, पंचेचाळिशीची बाई रडत उभी होती. ती आपल्यासाठी रडतेय की स्वतःसाठी, हे रेखाताईंना कळेना. दोन्हीसाठी असेल, त्यांना वाटलं, आणि तिच्यापुढे त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी बस तू. अतुल, पाणी दे तिला."

अतुलने बायकोला खुर्ची दिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "सॉरी," तो म्हणाला. "भावाचं बोललो ते चुकलं माझं."

"फोन द्या कुणीतरी," रेखाताई म्हणाल्या. "मीच बोलते. मी खोटं बोलले, मीच सांगणार. पण नाव कुणाचं घेणार नाही, ते आधीच सांगून ठेवते."

रविवार असल्यामुळे आधी स्विचबोर्ड, मग संगीत, मग पुन्हा स्विचबोर्ड. शेवटी ड्यूटीवरची रजिस्ट्रार, म्हणजे सर्जनच्या हाताखालची डॉक्टर, फोनवर आली. आवाजावरून तरुण वाटत होती. स्पीकर लावलेला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं. रेखाताई आपल्या सावकाश, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर ॲशवर्थ इज अ गुड मॅन. आय टोल्ड हिम अ लाय." मग त्यांनी सगळं सांगितलं. डबा, दिवाळी, परवाची गोळी. ती मुलगी एकदाही रागावली नाही. उलट म्हणाली, आत्ता सांगितलंत हे फार चांगलं केलंत. मंगळवारचं ऑपरेशन आता होणार नाही, उद्या सकाळी मिस्टर ॲशवर्थ स्वतः फोन करतील. आजपासून ती गोळी एकही नाही. ताप चढला, थंडी वाजली किंवा गुडघ्यावरच्या जुन्या व्रणातून पाणी आलं तर वाट न बघता इमर्जन्सीला यायचं.

"आणि मिसेस कारखानीस, मला लिहून ठेवायला हवं म्हणून विचारते. या गोळ्या घ्या, असं कुणी सांगितलं होतं का तुम्हाला?"

रेखाताईंनी ओठ घट्ट मिटले. नो हा शब्द तोंडात तयार होता. तो त्यांनी बाहेर येऊ दिला नाही, पण दुसरंही काही बोलवेना. पलीकडे ती मुलगी थांबून होती.

कस्तुरीने पुढे होऊन आईच्या हातातून फोन घेतला. परवानगी मागायला म्हणून तिने आईकडे बघितलं. रेखाताईंनी डोळे मिटून घेतले, आणि मग मान हलवली, होकाराची.

"मी त्यांची मुलगी," कस्तुरी इंग्रजीत म्हणाली. "मी डॉक्टर आहे. मी सांगितलं होतं." तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, हॉस्पिटल सांगितलं, आडनावाचं स्पेलिंग सावकाश सांगितलं. मग थँक यू म्हणून फोन ठेवला.

"झालं समाधान?" रेखाताई म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "तुझ्यासाठी एवढं एक करत होते मी. तेवढंही करू दिलं नाहीस."

"पायाच्या बदल्यात मिळालेली नोकरी घेऊन मी कुठे जाऊ, आई? रोज कुणाला तरी भूल देताना तुझा पाय दिसला असता मला." कस्तुरी पलंगाच्या कडेला बसली. "उद्या माझ्या बॉसला मी स्वतः सांगणार. मग गुरुवारी जायचं."

"काय करतील तुला?"

"माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

आणि डॉक्टर कस्तुरी कारखानीस आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली.

जयंतराव मघाशीच उठून आत गेले होते. ते तो शॉर्टब्रेडचा डबा घेऊन परत आले आणि हातात धरून नुसतेच उभे राहिले. विनोद सुचत नव्हता. डब्यावर आजवर ते ऐट मारायचे. मंडळात कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं की फोन यायचा, जयंतराव, आहे का काही? असतंच, या घेऊन जा. हिच्या पायाचंही तसंच. ही मागायची, ते पाकीट काढून द्यायचे, आणि संपत आलं की पुण्याला कळवायचे. कधी थांबून विचारलं नाही, अगं, इतक्या का लागताहेत? आज कुणी त्यांना दोषही दिला नव्हता. ते त्यांना जास्त लागलं.

"उद्या हे सगळं फार्मसीत नेऊन देतो," ते म्हणाले. "सगळं." आणि डबा कपाटावर ठेवला.

"आता काही आठवडे गोळी नाही म्हणजे दुखणार," रेखाताई म्हणाल्या.

"दुखणार, आई," कस्तुरी म्हणाली. "दुखण्याचं औषध मिळेल, पण दुखणार."

"देवयानी," रेखाताई म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "आता हे बरेच महिने चालणार गं. जमेल का तुला?"

असं त्यांनी याआधी विचारलं नव्हतं. देवयानीने पदराने, म्हणजे टीशर्टच्या बाहीने, डोळे पुसले. हो म्हणायची सवय जिभेवर आली होती. तिने ती गिळली.

"एकटीला नाही जमणार, आई," ती म्हणाली.

"मी वर्क फ्रॉम होम मागतो," अतुल म्हणाला. "मागतो नाही, घेतोच."

रेखाताईंनी मान डोलावली. मग अवघडून, खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला जायचंय गं." त्या साडीखालच्या खुर्चीकडे बघत होत्या. देवयानी सवयीने उठली, अतुलही पुढे झाला, तशा त्या कसनुशा झाल्या. "शी, मुलगा कशाला! बाहेर जा तू."

"देवयानी, तू बस," जयंतराव म्हणाले. "मला दाखव कसं करायचं ते."

"अहो, तुम्हाला नाही जमायचं."

"इंजिनं उचलली आहेत मी."

"मी इंजिन नाही."

ते पलंगाशी आले. त्यांनी तिच्या दंडाला धरलं, बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला धरतात तसं.

"दंडाला नाही, बाबा," देवयानी खुर्चीतून म्हणाली. "जवळ जा. अजून. दोन्ही हात कमरेमागून घाला. आई, तुम्ही त्यांच्या मानेत हात टाका. उजव्या पायावर भार नको. आता दोघांनी बरोबर उठायचं."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. या देशात रस्त्यावर जोडपी एकमेकांच्या गळ्यात पडून चालतात, ते दोघांनी इतकी वर्षं बघितलं होतं, आणि स्वतः मात्र पार्कमध्येसुद्धा हातभर अंतर ठेवून चालले होते. अतुल आणि कस्तुरी दाराशी उभे राहून बघत होते. रेखाताईंचा तापलेला गुडघा जयंतरावांच्या मांडीला लागला आणि ती धग त्यांना पहिल्यांदा कळली. ते हादरले. त्यांना हुंदका आला, तो त्यांनी तिच्या केसांत दाबला.

"अहो," रेखाताई कुजबुजल्या, "मुलं बघताहेत."

"बघू देत," जयंतराव म्हणाले. "ऊठ. मी धरलंय."